सहीवर सोडलेली गाडी

कारखान्यात माझे नाव 'फादर' पडून आता वीस वर्षे होत आली. खरे तर आम्ही प्रोटेस्टंट. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, फादर नसतात, पाळक असतात, आणि मी तर पाळकही नाही, मापे तपासणारा माणूस आहे. सुरुवातीची दोन वर्षे मी ही चूक भेटेल त्याला समजावून सांगत असे. पुढे लक्षात आले की हाक मारणाऱ्याला पंथांमधला फरक जाणून घ्यायचा नसतो, त्याला मला चहाला बोलवायचे असते. तेव्हापासून मी मुकाट्याने 'ओ' देतो. मात्र त्या नावाबरोबर एक अपेक्षाही माझ्या गळ्यात पडली. बिले, हजेरी, रजेची कारणे यांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणे, "फादरला विचारा, ते खोटे बोलणार नाहीत." ती अपेक्षा मला आवडत असे, आणि पुढे जे घडले त्यात या आवडण्याचाही वाटा होता असे मला वाटते.

मी मूळचा नगरचा. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे काम जेथे सुरू झाले, त्या गावात आमच्या चार पिढ्या मंडळीच्या सावलीत वाढल्या. शाळा, दवाखाना, शेजार, लग्नकार्ये या सगळ्यांत 'आपली माणसे' इतकी होती की आपण कोणी वेगळे आहोत हे मला नोकरी लागेपर्यंत नीटसे जाणवलेही नव्हते. नोकरी लागली ती पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात, जेथे बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारची उपासना सांभाळायची म्हणजे दर आठवड्याला कोणाशी तरी पाळी बदलून घेणे आले. कोणाकडून काही बदलून घ्यायचे तर त्याच्याशी संबंध चांगले हवेत, त्यामुळे माझ्या विश्वासाचा आणि शेजारच्या माणसाशी असलेल्या नात्याचा गुंता पहिल्याच आठवड्यापासून सुरू झाला.

हा गुंता सर्वांत स्पष्ट दिसतो तो खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारनंतर आमच्या शॉपमध्ये काम थांबते. यंत्रे पुसून लखलखीत केली जातात, जमिनीवरचे तेल भुसा टाकून काढले जाते, केळीचे खुंट बांधले जातात, झेंडूच्या माळा चढतात आणि प्रत्येक यंत्रावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. हत्यारांची पूजा म्हटल्यावर व्हर्नियर आणि मायक्रोमीटरही पाटावर मांडले जातात. पहिल्या वर्षी माझ्या मायक्रोमीटरच्या जबड्यात कुंकवाचे कण गेले होते आणि दुसऱ्या कामाच्या दिवशी त्याचा शून्य जागेवर नव्हता. मी शिफ्ट इन्चार्जकडे तक्रार केली. त्यांना सारा शॉप अण्णा म्हणतो. अण्णा माळकरी आहेत आणि शक्य त्या वर्षी पंढरीची वारी करतात. त्यांनी तक्रार ऐकून घेतली आणि पुढच्या वर्षीपासून मोजमापाच्या सगळ्या साधनांच्या पेट्या बंदच ठेवून झाकणावर एकेक फूल ठेवायला लावले. "पूजा पेटीला पोचते," एवढेच ते म्हणाले. हा प्रसंग मी पुष्कळ वर्षे गंमत म्हणून सांगत असे. अण्णा मापाचा मान कसा राखतात हे त्यात दिसत होते, पण तेव्हा माझे तिकडे लक्ष नव्हते.

माझे लक्ष प्रसादाकडे होते. नव्या नोकरीतल्या पहिल्या सत्यनारायणाला माझ्या हातावर शिरा ठेवला गेला, तेव्हा मी तो नाकारला. नाकारला तो नाकारला, वर दहा मिनिटे त्याची कारणमीमांसा केली. समोरचा बिचारा द्रोण हातात धरून उभा होता आणि शिरा गार होत होता. त्या दिवशी घरी गेलो तो एखाद्या हुतात्म्याच्या थाटात. आज आठवले की कान गरम होतात, कारण त्या दहा मिनिटांत मी ख्रिस्ताबद्दल काहीही सांगितले नव्हते. जे सांगितले ते माझ्याबद्दल होते.

या बाबतीत ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने करिंथकरांस लिहिलेल्या, बायबलमधल्या पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय मला पुढे फार उपयोगी पडला. करिंथ हे देवळांचे शहर होते आणि बाजारात मिळणारे मांस पुष्कळदा मूर्तीपुढून आलेले असे, त्यामुळे तेथल्या नव्या ख्रिस्ती माणसांपुढे जवळजवळ आमच्या शॉपमधलाच प्रश्न होता. पौलाचे उत्तर एका वाक्यात बसत नाही. बाजारातून आणलेले खुशाल खा, चौकशी करत बसू नका. कोणी जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले तर जा आणि वाढलेले खा. पण 'हे नैवेद्याचे आहे' असे कोणी मुद्दाम सांगितले तर खाऊ नका, आणि तेही सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीचा विचार करून. म्हणजे पदार्थाइतकेच समोरच्या माणसाकडेही पाहायचे असते. माझ्या दहा मिनिटांच्या भाषणात समोरचा माणूस कोठेच नव्हता.

अण्णांनी हे अध्याय वाचलेले नाहीत, पण त्यांनी जे केले ते त्या अध्यायांत शोभून दिसले असते. शिऱ्याच्या प्रकरणानंतर काही महिन्यांनी ते पंढरपूरहून आले आणि सगळ्यांना चुरमुरे-बत्तासे वाटून झाल्यावर माझ्यासमोर एक वेगळी पुडी ठेवून म्हणाले, "ही देवापुढे ठेवलेली नाही. दुकानातून थेट तुमच्यासाठी आणली आहे." मी ती तेथेच उघडून खाल्ली. तेव्हापासून दर वारीनंतर ती वेगळी पुडी येते. आणि नाताळात मी फराळ नेतो तेव्हा माझी पत्नी एक डबा वेगळा भरते, कारण केकमध्ये अंडे असते आणि अण्णांना ते चालत नाही. त्यांच्या डब्यात करंज्या, चकल्या आणि शंकरपाळे असतात. दिवाळीतलेच सारे पदार्थ हे, मराठी ख्रिस्ती घरांत ते नाताळात होतात इतकेच.

लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येथे येते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याजवळ राहायला आल्या तेव्हा त्यांचे सोवळेओवळे तसेच चालू होते, आणि एका ख्रिस्ती माणसाच्या संसारात ते काही काळ तसेच चालले. आमच्या घरी आजी हे सांगत असे ते हसण्यासाठी. पण एकाच माणसाच्या श्रद्धेसाठी वेगळी भांडी, वेगळे पाणी, वेगळा डबा ठेवायला जे मन लागते ते माझ्याजवळ नोकरीच्या सुरुवातीला नव्हते, अण्णांजवळ होते.

नवे यंत्र आले तेव्हा वेगळी अडचण उभी राहिली. ज्येष्ठतेने माझा क्रमांक लागत होता आणि पहिला नारळ मी फोडावा असे व्यवस्थापकांच्या मनात होते. त्यामागे सन्मानाचीच भावना होती. या वेळी मी शहाणपणा केला आणि समारंभापर्यंत थांबलो नाही. आदल्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणालो की मी तेथे उभा राहीन, बूट काढून, गप्प, पण नारळ दुसऱ्या कोणी फोडावा. त्यांनी कारणही विचारले नाही. बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात हे घडते, पण रविवारच्या शब्बाथशाळेत ते आम्हांला कधी कोणी दाखवले नव्हते. राजाच्या पंक्तीचे अन्न नको म्हणून दानिएल ताट भिरकावत नाही. तो अधिकाऱ्याकडे विनंती करतो, आणि त्या अधिकाऱ्याला राजाची धास्ती वाटते हे ओळखून दहा दिवस शाकभाजी आणि पाणी देऊन पाहा, मग ठरवा, असा मार्गही सुचवतो. आपल्या निष्ठेपायी दुसऱ्याची मान अडकू नये याची काळजी त्या विनंतीत आहे.

याच्या उलट बाजूला अरामी सेनापती नामान आहे. तो कोडातून बरा होतो, इस्राएलाच्या देवाला मानू लागतो, आणि परत निघताना अलीशा या संदेष्ट्याला विचारतो की माझा राजा रिम्मोनाच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, त्याची क्षमा होईल ना? अलीशा त्याला नियम सांगत नाही. शांतीने जा, म्हणतो. आमच्या मंडळीतल्या तरुण मुलांना मी नामान आणि दानिएल दोघेही सांगतो आणि त्यांना विचारात पडू देतो. पोलीस भरती झालेला, बँकेत लागलेला, ग्रामपंचायतीत निवडून आलेला, प्रत्येकाची अडचण वेगळी असते, आणि सगळ्यांना एकच उत्तर वाटणारा माणूस बहुधा स्वतः कोठे नोकरीला नसतो.

असा मी हळूहळू माझ्या कुंपणांची डागडुजी करत होतो आणि त्यांवर खूश होतो. टिळा नाही, आरती नाही, प्रसाद नाही. रविवार चुकत नाही, गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेसाठी अर्धी रजा मागून घेतलेली. वैद्यकीय बिले खरी, दुसऱ्याचे कार्ड कधी पंच केलेले नाही. ही सगळी कुंपणे रस्त्यावरून दिसणारी होती. एक जागा मात्र अशी होती की तेथे मी आणि माझा कागद यांशिवाय कोणी नसे.

ती जागा म्हणजे तपासणीचा तक्ता. आमच्याकडे एक बुश, म्हणजे आत पिन बसणारी पोकळ नळी, बनतो. त्याच्या आतल्या भोकाचे माप २५ मिलिमीटर, आणि त्यात वर २१ मायक्रॉनपर्यंत सूट आहे, खाली अजिबात नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर ही सूट त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होते. ठरलेल्या मापाच्या सेटिंग रिंगवर भोक मोजणाऱ्या बोअर गेजचा शून्य लावायचा, जॉब स्वच्छ पुसायचा, गेज आत घालून हलकेच झुलवायचा आणि काटा जेथून परत फिरतो तो आकडा लिहायचा, असे दर तासाला पाच जॉब. भोक कापणारे पाते, म्हणजे इन्सर्ट, झिजत जाते तसे माप लहान होत जाते आणि ऑपरेटरला यंत्रात तेवढी भरपाई, म्हणजे ऑफसेट, द्यावा लागतो. हे वेळेत कळावे म्हणूनच दर तासाचे पाच आकडे घेतात. वर्षानुवर्षे हे काम केलेल्या माणसाला आकडे न मोजताही सुचतात. ८, ११, ९, १२, १०, असे काही लिहिले की तक्ता अगदी खरा दिसतो. खऱ्या तक्त्यापेक्षाही थोडा अधिक खरा, असे म्हणायला हरकत नाही.

२०१९ सालच्या मार्चचा शेवटचा आठवडा होता. वर्षअखेरीचा माल बाहेर काढण्याची घाई होती, गाडी गेटवर लागली होती, चालक दर पंधरा मिनिटांनी येऊन तोंड दाखवत होता. लेंटचा, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासांचा, काळ चालू होता आणि त्या संध्याकाळी साडेसातला प्रार्थनासभा आमच्या घरी होती. पन्नासेक माणसे येणार होती, सतरंज्या आणायच्या होत्या, चहाचे पाहायचे होते. दुपारी तीननंतरचे तीन तासांचे रकाने मी न मोजता भरले. पंधरा आकडे. सही केली, अण्णांच्या टेबलावर तक्ता ठेवला आणि सव्वासहाला बाहेर पडलो. सभा छान झाली. मी प्रार्थनाही केली.

पुढच्या मंगळवारी गिऱ्हाइकाकडून फोन आला. जोडणीच्या रांगेत पिन आत जात नव्हत्या. खोकी उघडली तेव्हा शेवटच्या तीन तासांतले पुष्कळ जॉब खालच्या बाजूने बाद निघाले. इन्सर्ट झिजला होता आणि ऑफसेट दिला गेला नव्हता. अण्णा दोन माणसे घेऊन गेले आणि दोन दिवस तेथे बसून एकेक जॉब निवडून आले. चौकशी झाली. तक्त्यात तर सगळे आकडे उत्तम होते, तेव्हा निष्कर्ष असा निघाला की तपासणीसाठी ऑपरेटरने चांगले जॉब वेचून दिले असणार. यंत्रावरचा मुलगा मराठवाड्यातला होता, कंत्राटी, वीस-एकवीस वर्षांचा. शुक्रवारी त्याला गेटवरच थांबवले. त्याने दोनदा सांगितले की साहेब जॉब न्यायला आलेच नव्हते. माझे नाव 'फादर' असल्यामुळे त्याचे म्हणणे कोणी लिहूनही घेतले नाही.

ते माझ्यासमोर घडले. मी काही बोललो नाही. शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. या दोन दिवसांत माझ्या मनाने जी कारणे तयार केली ती येथे लिहीत नाही, कारण ती चांगली होती, आणि चांगली कारणे मला आजही तयार करता येतात.

रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकरी आणि प्याला घेण्याचा विधी, होते. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. त्या विधीत पौलाचे शब्द दर वेळी वाचले जातात, की प्रत्येकाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे व त्या प्याल्यातून प्यावे. लहानपणापासून ते शेकडो वेळा ऐकले होते आणि त्या वाचनाच्या वेळी मी बहुधा आज जेवायला काय असेल याचा विचार करत असे. त्या दिवशी ताट माझ्यापर्यंत आले आणि मी ते पुढे सरकवले. पत्नीने माझ्याकडे पाहिले. घरी जाताना सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा मी तिला सांगितले. सिग्नल हिरवा झाला, मागचे भोंगे वाजू लागले, आणि ती म्हणाली, "आधी अण्णांकडे जा."

सोमवारी सकाळी मी आधी अण्णांकडे गेलो, मग त्यांच्याबरोबर वर. मला लेखी ताकीद मिळाली आणि एका वर्षाची पगारवाढ गेली. याहून अधिक व्हायला हवे होते असे मला वाटते. त्या मुलाच्या जागी कंत्राटदाराने दुसरा माणूस पाठवला होता, त्यामुळे तो परत येण्यात अकरा दिवस गेले. बुडालेली मजुरी मी त्याला दिली. बायबलमधल्या यरीहोच्या जकातदार जक्कयाने ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत द्यायचे कबूल केले होते. मी एकपटच दिली, तीही दोन हप्त्यांत. मुलाने पैसे मोजून घेतले, खिशात ठेवले आणि यंत्राकडे गेला. क्षमा वगैरे शब्द त्याने काढले नाहीत, आणि मी काढावेत अशी संधीही दिली नाही. वर्षभराने तो चाकणला दुसरीकडे लागला.

अण्णा त्या सकाळी पायऱ्या चढताना जे बोलले ते मात्र सांगितले पाहिजे. "फादर, इतकी वर्षे तुम्ही माझ्या देवाचा प्रसाद घेतला नाहीत, त्याचे मला कधी काही वाटले नाही. ज्याची त्याची निष्ठा. पण त्या दिवशी मी गाडी तुमच्या सहीवर सोडली." यापलीकडे ते काही बोलले नाहीत. रागावले असते तर मला सोपे गेले असते.

जुन्या करारात वजने आणि मापे यांवर किती ठिकाणी लिहिले आहे हे मी त्यानंतर शोधून पाहिले. लेवीय, अनुवाद, नीतिसूत्रे, आमोस अशी त्यातल्या पुस्तकांची यादी लांबते. अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात थैलीत एक मोठे आणि एक लहान अशी दोन वजने ठेवू नकोस असे स्पष्ट सांगितले आहे. नीतिसूत्रे म्हणतात की खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे. मापे तपासून पोट भरणाऱ्या माणसाने ही वचने इतकी वर्षे बनिया आणि ग्राहक यांच्यासाठी आहेत असे समजावे, हे विलक्षणच. माझ्याही थैलीत दोन वजने होती. प्रसादाच्या बाबतीत मी कणाचीही सूट देत नव्हतो, आणि जेथे २१ मायक्रॉनांचाच प्रश्न होता तेथे हवी तेवढी सूट घेत होतो. दानिएलाच्या सहाव्या अध्यायात त्याचे वैरी त्याच्या कारभारात खोट शोधायला निघतात आणि त्यांना ना गैरव्यवहार सापडतो ना हयगय, तेव्हा ते त्याच्या प्रार्थनेवर घसरतात. सिंहांच्या गुहेची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण या हयगयीवर मी एकही प्रवचन ऐकलेले नाही. माझ्या बाबतीत वैऱ्यांना प्रार्थनेपर्यंत जावेच लागले नसते.

मंडळीत मी हे सांगितले तेव्हा प्रतिक्रिया दोन प्रकारच्या आल्या. काहींना ती 'सुंदर साक्ष' वाटली, आणि ते मला अवघड गेले, कारण साक्ष हा शब्द त्या अकरा दिवसांना शोभत नाही. दुसऱ्या काहींचे म्हणणे होते की हे बाहेर बोलण्याची गरज नव्हती, आपल्या समाजाचे नाव खराब होते. हा दुसरा सूर मला ओळखीचा आहे. अल्पसंख्य समाजात आपल्या माणसाला झाकून घेण्याची सवय लागते आणि तिची कारणे समजण्यासारखी असतात. पण त्याच सवयीतून दोन वर्षांनी एक गृहस्थ माझ्याकडे मुलाला घेऊन आले आणि त्याने आमच्या कारखान्यात तीन वर्षे काम केल्याचा दाखला मिळवून द्या म्हणाले. मुलगा एक दिवसही तेथे नव्हता. "आपल्या माणसासाठी एवढे कराल ना?" मी नाही म्हटले, आणि शॉपमध्ये प्रसाद नाकारताना कधी आली नव्हती एवढी कटुता त्यातून आली. नाताळच्या प्रभातफेरीत त्यांनी आमचे घर वगळले. परधर्मीय सहकाऱ्यासमोर वेगळे दिसणे माझ्या अंगवळणी पडले होते. आपल्याच लोकांत वेगळे पडणे तितके जमत नव्हते.

पंडिता रमाबाईंचे चरित्र मी त्या सुमारास पुन्हा वाचले. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्यांचा वाद झाला तो प्रामुख्याने ख्रिस्ती लोकांशीच. त्या शाकाहारी राहिल्या, याचा तेथल्या भगिनींना त्रास झाला. क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरलेली नकोत, संस्कृत असावीत, कारण माझ्या देशभगिनींना लॅटिन कळत नाही, असे त्यांनी कळवले. आज्ञाधारकपणाचे धडे त्यांना पत्रांतून दिले गेले आणि त्यांनी त्यांना पत्रांतूनच उत्तरे दिली. बाप्तिस्म्यामुळे महाराष्ट्रातल्या आप्तेष्टांचा रोष, आणि स्वतःच्या बुद्धीने चालल्यामुळे नव्या आप्तांचा. माझ्या दाखल्याच्या भांडणाची त्यांच्याशी तुलना करण्याइतका मी खुळा नाही, पण त्या पानांवरून मी पूर्वी फार घाईने गेलो होतो हे खरे.

आता मला विचारतात की तुम्ही कारखान्यात सुवार्ता सांगता का. कामाच्या वेळेत नाही, आणि मोबाइलवर रोज सकाळी वचनेही पाठवत नाही. कोणी विचारले तर उत्तर देतो, आणि चार वाजताच्या चहाला लोक विचारतात, पुष्कळ विचारतात. मरणाबद्दल विचारतात, मुलांच्या आजारपणात प्रार्थना करा म्हणतात. अण्णांच्या बायपासच्या आदल्या रात्री त्यांच्या मुलाने मला रुग्णालयातून फोन केला आणि म्हणाला, बाबा म्हणतात फादरांना सांग. मी गेलो, पलंगाच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला त्यांची पत्नी हरिपाठाची पोथी घेऊन, अशी आम्ही आपापली प्रार्थना केली. त्यावर आमच्या मंडळीतल्या एकाने मला नंतर बरेच प्रश्न विचारले. त्यातल्या काहींना माझ्याजवळ उत्तर नाही.

अण्णा बरे होऊन परत कामावर आले. त्यांची निवृत्ती अजून व्हायची आहे. वारीनंतरची पुडी अजून वेगळीच येते आणि खंडेनवमीला मोजमापाच्या बंद पेट्यांवर अजून फूल असते. दर संध्याकाळी मी तक्ता त्यांच्या टेबलावर ठेवतो. ते चष्मा लावतात, सही पाहतात, मग खोक्यातून हाताला येईल तो एक जॉब उचलून पुसतात आणि स्वतः गेज घालून पाहतात. २०१९ च्या एप्रिलपासून हे रोज चालले आहे. त्यांचा आकडा आणि माझा आकडा आजवर जुळत आला आहे. त्यांनी मोजणे थांबवलेले नाही, आणि मीही त्यांना कधी 'राहू द्या' म्हटलेले नाही. ते मोजत असताना मी शेजारी उभा राहतो आणि गाडी सुटली की आम्ही दोघे चहाला जातो.